तेरेखोलपलीकडचे सासर

आरोंद्याला उतरावे आणि किरणपाणीच्या पुलावरून सावकाश चालत पलीकडे जावे. फार तर दहा मिनिटांची वाट. खाली तेरेखोलचे संथ पाणी, दोन्ही काठांना सारखेच माड, सारखीच कौलारू घरे, आणि दोन्ही काठांवर एकाच सुरात घातलेली हाक, "खंय चललंस गो?" अलीकडचा काठ सिंधुदुर्गाचा, पलीकडचा गोव्याच्या पेडणे तालुक्याचा. मासळीचे टेम्पो जातात, शाळेची पोरे जातात, माहेरी निघालेल्या लेकी जातात आणि कोणी कोणाला नावगाव विचारीत नाही. (पिशवीत बाटली असली तर गोष्ट वेगळी!)

या दहा मिनिटांच्या वाटेवर एके काळी दोन राज्यांचे परवाने लागत, हे आजच्या तरुण मुलीला सांगितले तर ती हसेल. पण तिच्या आजीला विचारा. "चेडू गोंयात दिला" या तीन शब्दांत एक काळ असा होता की, अर्धा आनंद आणि अर्धी धास्ती असे. परदेशी जोडीदाराबरोबर राहायला परदेशात जायचे कसे, हा प्रश्न आज मुंबई-पुण्याच्या घराघरांत नव्याने चर्चिला जातो. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्याला तो मुळीच नवा नाही. इथल्या मुलींनी तो विमानतळावर नव्हे, होडीत बसून सोडवला आहे.

मुळात ही हद्द देवाने आखलेली नव्हती. पेडणे, डिचोली, सत्तरी हे सारे मुलूख पूर्वी सावंतवाडीकर भोसल्यांच्याच अमलाखाली होते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ते पोर्तुगिजांकडे गेले आणि 'नव्या काबिजादी' म्हणून ओळखले जाऊ लागले. तेरेखोलचा किल्ला तर नदीच्या उत्तर काठावर, म्हणजे आपल्याच बाजूला उभा आहे. पण १७४६ साली तो पोर्तुगिजांनी घेतला आणि आजही तो गोव्यात मोडतो. राज्ये बदलली, सोयरिकी बदलल्या नाहीत. मराठा, भंडारी, सारस्वत, ख्रिस्ती, साऱ्यांचीच अर्धी नाती पलीकडे. वेंगुर्ल्याच्या कितीतरी घरांचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा नाही तर मंगेशीचा मंगेश. नव्या नवरानवरीने देवाच्या पाया पडायला जायचे ते पोर्तुगीज मुलखात. पण जोवर इकडे इंग्रज आणि तिकडे फिरंगी होता, तोवर या जाण्यायेण्याला फारशी आडकाठी नव्हती.

आडकाठी आली ती आपण स्वतंत्र झाल्यावर. इंग्रज गेला, पोर्तुगीज जाईना. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील वकिलात बंद केली. १९५४ पासून सरहद्दीवर परवान्यांचा काळ सुरू झाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीसह सरहद्दीवरच्या ठिकठिकाणी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे ठार झाली. त्यानंतर संबंध तुटले, पणजीतली आपली वकिलात बंद झाली आणि कॅसलरॉकमार्गे मुरगावला जाणारी आगगाडी थांबली. गोव्यातील भारताच्या हितसंबंधांची काळजी ईजिप्तने वाहायची आणि पोर्तुगालच्या वतीने दिल्लीत ब्राझीलने बोलायचे, अशी व्यवस्था झाली. आरोंदा आणि किरणपाणी यांच्यात एक नदी आणि दोन खंड आले!

या मोठ्या राजकारणात घरच्या माणसांचे काय होत असेल, याचा विचार करावा. लेक पलीकडे बाळंत झाली, तरी आईला जायचे तर अर्ज. बाप आजारी पडला, तर लेकीला यायचे तर अर्ज. गौरी-गणपतीला माहेरवाशीण येणार की नाही, हे पंचांगावर नव्हे, कचेरीतल्या शिक्क्यावर ठरायचे. भारताची नाकेबंदी आवश्यक होती असे माझे मत आहे. पण तिचा भार सर्वांत आधी उचलला तो या दोन काठांच्या बायकांनी, हेही नोंदवून ठेवले पाहिजे. हुतात्म्यांच्या यादीत त्यांची नावे येत नाहीत, येण्याचे कारणही नाही. पण पाच-सहा वर्षे आईचे तोंड न पाहणे ही काही लहान शिक्षा नव्हे.

त्या काळच्या पोर्तुगीज कायद्यातली एक गंमत मात्र सांगितलीच पाहिजे. पोर्तुगीज नागरिकाशी लग्न करणारी परकी स्त्री लग्नाबरोबरच पोर्तुगीज होई. तिला ना कसली परीक्षा, ना मुलाखत. मंगळसूत्र गळ्यात पडले की राष्ट्रीयत्व बदलले! सुटसुटीतपणाच्या दृष्टीने पाहिले तर असा 'व्हिसा' पुन्हा होणे नाही. फक्त त्यात मुलीला कोणी विचारीत नसे, एवढेच. सावंतवाडीच्या शाळेत २६ जानेवारीला झेंडावंदन केलेली मुलगी दोन मैलांवरच्या मांडवात उभी राहून सालाझारची प्रजा होत होती आणि तिला त्याचा पत्ताही नसे.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. सासर रातोरात स्वदेशात आले. २८ मार्च १९६२ रोजी भारत सरकारने गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्वाचा आदेश काढला. जो स्वतः, किंवा ज्याचे आईबाप वा आजीआजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी त्या मुलखात जन्मले, तो त्या दिवसापासून भारतीय. ज्याला पूर्वीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल त्याने एका महिन्यात लेखी कळवावे. बहुतेकांनी काहीच कळवले नाही आणि प्रकरण मिटले असे सर्वांना वाटले.

ते मिटले नव्हते. १९७४ च्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले, संबंध पुन्हा जुळले. पण पोर्तुगालचा कायदा असे मानीत आला की, मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्या माणसाचा पोर्तुगीज राष्ट्रीयत्वाचा हक्क बुडालेला नाही. त्याने आपला जन्म आणि आपले लग्न लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत नोंदवून घ्यावे. मग मुलांना वाट मोकळी, आणि पुढे नातवंडांनाही. पोर्तुगाल युरोपीय संघात आहे. म्हणजे पेडण्याच्या नोंदवहीतली आजोबांची जन्माची ओळ ही अर्ध्या युरोपची किल्ली ठरली. हजारो गोवेकर त्या किल्लीने इंग्लंडला गेले. स्विंडनसारख्या गावात तर त्यांची वस्तीच झाली. आणि तेरेखोलपलीकडचे सासर पुन्हा एकदा परदेशी झाले.

आता आजची गोष्ट. समजा, मालवणच्या धुरीवाड्यातली एक मुलगी आहे. पदवीधर, मुंबईला नोकरी. पेडण्याकडचे स्थळ आले; मुलगा निर्व्यसनी, घरचे चांगले, स्विंडनला गोदामात कामाला, पासपोर्ट पोर्तुगीज. देणेघेणे काही नाही. जेवणे ठरली, कार्यालय ठरले. मुलीच्या वडिलांनी मुलाचा पगार विचारला, घर विचारले. पासपोर्ट कुठला हेही विचारले. पण खरा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. तो प्रश्न असा की, "तुम्ही इंग्लंडात कोणत्या हक्काने राहता, आणि त्या हक्कावर माझी मुलगी तुमच्याबरोबर कधी राहू शकेल?"

३१ डिसेंबर २०२० पूर्वी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. युरोपीय नागरिकाच्या बायकोला नवऱ्याबरोबर राहण्याचा हक्क जवळजवळ आपसूक होता. त्या दिवशी ब्रिटनने युरोपीय संघाची मुक्त ये-जा बंद केली. आधीपासून तिथे राहणाऱ्यांना कायम राहण्याचा हक्क मिळाला. पण त्यानंतर ज्यांचे सूत जुळले आणि लग्न झाले, त्यांच्या बायकांना इतर सर्वांसारखाच वैवाहिक व्हिसा काढावा लागतो. आणि तो स्वस्त नाही. ११ एप्रिल २०२४ पासून तिथल्या जोडीदाराची वर्षाची कमाई किमान २९,००० पौंड असावी असा नियम झाला. त्याआधी आकडा १८,६०० चा होता. तिथल्या किमान वेतनावर पूर्णवेळ राबणाऱ्या माणसाची कमाई या आकड्याला पोहोचत नाही. मुलगी इथे बँकेत कितीही पगार घेत असो, बाहेरून अर्ज करताना तो पगार जमेस धरीत नाहीत. नवऱ्याच्या एकाच नोकरीवर दाखवायचे तर साधारण सहा महिन्यांच्या पगारपत्रकांची आणि बँकेच्या पुस्तकाची तोंडमिळवणी लागते. त्याखेरीज इंग्रजीची प्राथमिक परीक्षा, क्षयाची तपासणी, आणि फेब्रुवारी २०२४ पासून आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंड, तेही सारे आगाऊ. हे सारे जमले तर प्रथम ३३ महिन्यांचा परवाना. मग पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.

म्हणजे मुलीने हळद लागल्यावर दोन वर्षे माहेरीच बसायचे, आणि नवऱ्याने तिकडे जादा पाळ्या करून २९,००० चा आकडा गाठायचा, असा संसार सुरू होतो. यात कोणी लबाड नाही. फक्त आकडा कोणी आधी विचारला नाही. माझे स्पष्ट मत असे की, हल्ली पत्रिका पाहण्याआधी पगारपत्रक आणि वास्तव्याचा दाखला पाहावा. मंगळ असला तर शांत करता येतो, हा आकडा शांत होत नाही!

नवऱ्याने स्विंडनऐवजी लिस्बन धरले, किंवा पोर्तुगीज पासपोर्टावर जर्मनी-फ्रान्समध्ये नोकरी घेतली, तर वाट निराळी आणि बरीच सोपी. युरोपीय संघाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात काम करीत असेल, तर त्याच्या बायकोचा प्रवेशव्हिसा विनाशुल्क आणि त्वरेने द्यावा, असा संघाचा २००४ चा दंडक आहे. तिकडे गेल्यावर तिला कुटुंबीय म्हणून वास्तव्यपत्र मिळते. भाषेची अडचण मात्र आहे. तीही पहिल्या हिवाळ्यापुरती.

पोर्तुगीज पासपोर्टाची दुसरी बाजू घरात स्पष्ट बोलली पाहिजे. भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. परका पासपोर्ट हाती घेतला की भारतीय नागरिकत्व गेले. मतदान गेले, सरकारी नोकरी गेली. 'ओसीआय' कार्ड मिळवता येते, त्यावर हवे तितके दिवस इथे राहता येते. पण त्या कार्डावर शेतजमीन वा बागायत विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तरच ठेवता येते. कोकणात ही किरकोळ गोष्ट नव्हे. म्हातारपणी परत येऊन काजूची बाग करीन म्हणणाऱ्याने ती बाग आधीच घेतलेली बरी.

अमेरिकेची तऱ्हा वेगळी. तिथे पहिला प्रश्न हा की जोडीदार नागरिक आहे, की नुसता ग्रीन कार्डवाला. नागरिकाची बायको रांगेत उभी राहत नाही. कार्डवाल्याच्या बायकोला वार्षिक मर्यादेची रांग असते. नागरिकाला वाग्दत्त वधूही बोलावता येते. तिने पोहोचल्यापासून ९० दिवसांत लग्न केले पाहिजे, आणि अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघे प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत. नुसत्या फोटोवर पसंती चालत नाही. प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षे झालेली नसतील तर पहिले कार्ड दोन वर्षांचे, अटीचे. कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या जोडीदारालाही मानतात, बहुधा वर्षभराचे सहजीवन कागदांनी दाखवावे लागते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे वाचून ठसका लागेल. पण इथे विषय नीतीचा नसून परवान्याचा आहे.

लग्न खरे की कागदी, हा संशय या सर्व देशांना छळतो आणि त्या संशयापायी त्यांनी काय काय केले आहे! जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर लग्नासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यतपासणी करण्यात आली. बातमी फुटली, संसदेत गदारोळ झाला, प्रकार बंद झाला. त्यानंतरही कितीतरी वर्षे 'हे लग्न मुख्यतः ब्रिटनमध्ये येण्यासाठी केलेले नाही' हे अर्जदारानेच सिद्ध करावे, असा नियम होता; तो १९९७ मध्ये गेला. आता संशयाची जागा कागदांनी घेतली आहे. फोनवरचे बोलणे, पाठवलेले पैसे, प्रवासाची तिकिटे, साखरपुड्याचे फोटो. आपल्याकडे ठरवून झालेल्या लग्नात नवरानवरीचा एकत्र फोटो मिळणे कठीण. सगळे फोटो मामा-मावश्यांचे! छायाचित्रकाराला आधीच सांगून ठेवावे.

कागदांचेच चालले आहे तर इथल्या दोन खाचा दाखवतो. पहिली गोव्याची. तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा कुटुंबाच्या बाबतीत अजून चालतो. लग्नाची नोंदणी दोन पायऱ्यांची. आधी दोघांनी निबंधकापुढे इराद्याची सही करायची, मग मुदत गेल्यावर दुसरी सही. पुष्कळ जण पहिली सही करून, धार्मिक विधी उरकून, हॉल सोडून मोकळे होतात आणि दुसरी सही राहून जाते. व्हिसाच्या खिडकीत हे लग्न उभे राहत नाही. गोव्याच्या कायद्यात दुसरा करार नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक धरतात, हेही मुलीच्या आईने ध्यानात ठेवावे. ही गोष्ट तिच्या फायद्याची आहे.

दुसरी खाच आपल्या बाजूची, नावांची. जन्माच्या दाखल्यावर घरचे नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आधारवर इंग्रजी स्पेलिंग तिसरे, आणि लग्नात नवऱ्याने ठेवलेले चौथे. आजीच्या नोंदीत आडनावाच्या जागी नुसते गाव. लिस्बनचा कारकून असो की लंडनचा, त्याला 'सुलोचना' आणि 'बायो' ही एकच बाई हे कळायचे कसे? लग्नाआधी बसून सारे दाखले एका ओळीत आणावेत. महाराष्ट्रातल्या दाखल्याला मंत्रालयातून आणि मग परराष्ट्र खात्याकडून 'अपोस्टिल' हा शिक्का घ्यावा लागतो. भारत या करारात २००५ साली सामील झाला आहे. शिक्के मारण्यापूर्वी स्पेलिंग पाहावे, नंतर नव्हे.

जोडीदार परकी असून इकडेच राहायला येत असेल तर? तारकर्लीला पोहायला आलेला पाहुणा जावई होऊन राहिला, असे घडू शकते. विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे. दोघांपैकी एकाने तरी जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असावे, नोटीस लागावी, आणखी ३० दिवस जावेत, मग सह्या. पर्यटक म्हणून महिन्याभरासाठी आलेल्याचे गणित इथेच चुकते. लग्नानंतर प्रवेशव्हिसा, पोलिसांकडे परदेशी नागरिकाची नोंद, आणि नोंदलेले लग्न दोन वर्षे टिकल्यावर ओसीआय कार्डाचा अर्ज. भारतीय नागरिकत्वच हवे असेल तर साधारण सात वर्षे इथे काढावी लागतात.

आता जरा कडू बोलतो. परदेशी व्हिसा नवऱ्याच्या हाती असतो आणि तो हात वाईट निघाला तर मुलगी त्या देशात ना माहेरची ना सासरची. मुलीचा पासपोर्ट मुलीकडेच राहावा. "सांभाळून ठेवतो" म्हणून सासूने मागितला तरी देऊ नये, अगदी गोड शब्दांत मागितला तरी. साऱ्या कागदांच्या प्रती माहेरच्या कपाटात असाव्यात. ब्रिटनमध्ये जोडीदाराच्या व्हिसावर गेलेल्या बाईला छळ झाला तर स्वतंत्रपणे राहण्याचा हक्क मागता येतो. अमेरिकेतही तसा कायदा आहे. इथे सोडून दिलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीय कक्ष आहे आणि परराष्ट्र खात्याची 'मदद' ही तक्रारव्यवस्था आहे. अनिवासी भारतीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करणारे विधेयक फेब्रुवारी २०१९ मध्ये राज्यसभेत मांडले गेले होते, ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही. तेव्हा आपली नोंदणी आपणच, पाठवणीआधी करावी. दलालाच्या ओळखीवर विसंबू नये; फी आणि उत्पन्नाचे आकडे वरचेवर बदलतात, ते अर्जाच्या दिवशी त्या त्या सरकारच्या संकेतस्थळावरच पाहावेत.

धुरीवाड्यातल्या त्या मुलीचे लग्न मोडावे असे मात्र मी मुळीच म्हणत नाही. सोयरीक चांगली आहे. वडिलांनी रविवारी उठावे, आरोंद्याचा पूल ओलांडून व्याह्यांकडे जावे आणि सोलकढी घेता घेता विचारावे, मुलाला इंग्लंडात राहण्याचा कायमचा दाखला आहे का, पगारपत्रकावर आकडा किती, आणि लिस्बनला नोकरी पाहण्याची त्याची तयारी आहे का. मुलीलाही बरोबर न्यावे; प्रश्न तिनेच विचारले तर अधिक बरे. संध्याकाळच्या आत परत येता येते. वाटेत कोणी परवाना मागत नाही.